डब्यातले मटार आणि कच्ची केळी

पुण्याच्या मोठ्या जाऊबाई कोलकात्याला आमच्याकडे राहायला आल्या. माझ्या बंगाली शेजारणींसमोर त्यांनी कच्च्या केळ्यांची भाजी बाजूला सारली. "नुसता स्टार्च! त्यापेक्षा डब्यातले मटार आण, प्रथिनं तरी मिळतील."

मटारात प्रथिनं जास्त, हे खरंच. पण डब्यात मीठही असतं, आणि केळ्यात पोटॅशियम भरपूर. त्यांचं ते बोलणं मी विसरले नाही.

संकष्टीला त्यांचा कडक उपास. मी मुद्दाम त्याच शेजारणींना बोलावलं आणि बाकी सगळ्यांना तुपात परतलेले, उपासालाही चालणारे कच्च्या केळ्याचे काप वाढले. जाऊबाईंच्या ताटात डबा फोडून मटार ओतले.

"अगं, उपासाला मटार चालतात का?"

"नाही चालत. पण प्रथिनं आहेत ना!"

काप उरले होते. त्यांनी मागितले नाहीत, मीही वाढले नाहीत.