हाताला सापडणारं घर

बाबा दोरीला अडखळून पडले, तो आमच्या घराच्या आखणीचा दिवस होता. ऊन लख्ख होतं. दोरी जाड, पांढरी, चार खुंट्यांना गुडघ्याच्या खाली ताणून बांधलेली. खालची जमीन काळीभोर. न दिसण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. तरी बाबा सरळ चालत आले आणि दोरीवरून पालथे पडले.

मिस्त्री धावले. बाबांनी त्यांचा हात झटकला. धोतराची माती झाडत म्हणाले, "कोनं बांधली ही दोरी अशी मधातच?"

ती दोरी सकाळी त्यांच्याच समोर बांधली होती.

मी बुलढाण्यात घरांचे नकाशे काढते. इंजिनिअरिंग झाल्यापासून तेच काम. बाबा एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर धाडजवळच्या आमच्या गावी, सडकेला लागून असलेल्या आमच्या तुकड्यावर त्यांना घर बांधायचं होतं. कसं बांधायचं हे त्यांनी नोकरीत असतानाच ठरवलं होतं. पुढं गोल खांबांचा पोर्च, बाहेरून वर जाणारा जिना, वर दोन खोल्या, गच्चीला जाळीचा कठडा. एस.टी.च्या खिडकीतून अशी घरं त्यांनी रोज पाहिली होती. मला जिना पसंत नव्हता, पण घर त्यांचं होतं. मी तसाच नकाशा काढला होता.

ते पडल्यावर मी त्यांच्याकडे नीट पाहू लागले. चहा आला तेव्हा त्यांनी स्टुलाच्या कडेवरून बोटं सरकवत कप शोधला. चपला घालताना पायानं चाचपल्या. समोरच्या माणसाकडे ते बरोबर पाहत होते, पण बाजूनं कुणी आलं की दचकत होते. मी बुलढाण्याला राहते, महिन्यातून एकदोनदा गावी येते, तेव्हा ते खाटेवर बसलेले असतात. बसलेल्या माणसाचं काय कळणार?

संध्याकाळी आईला विचारलं. ती म्हणाली, "आठवडी बाजारात जाणं सोडलं त्यायनं. मले वाटलं आळस भरला. पिशवी घेऊन मीच जातो आता."

दुसऱ्या दिवशी त्यांना बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पुढं गेलेला. डॉक्टर शांतपणे म्हणाले की गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकत राहिलात तर उरलेली जास्त दिवस टिकेल, पण किती ते आज सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाबा, कधीपासून कमी दिसतंय?"

"नोकरीत होतो तवापासून थोडं थोडं."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं कोनी गाडीत चढू देल्लं असतं का?"

परतीच्या बसमध्ये ते वरच्या दांड्याला धरून उभे राहिले. जागा रिकामी होती, तरी बसले नाहीत.

खोदकाम थांबवलं. पुण्याला असलेल्या भावानं फोनवर मला सांगितलं की घराचा नाद सोड, दोघांना माझ्याकडे घेऊन ये, फ्लॅटला लिफ्ट आहे. तेच तो बाबांनाही म्हणाला, तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. कितीतरी दिवस ते माझ्याशी घराविषयी अवाक्षर बोलले नाहीत. मी मात्र नवा नकाशा काढला. एकच मजला, जिना नाही, उंबरठे नाहीत. तो कागद त्यांच्यापुढे ठेवला, तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला.

"मले याच्यात का दिसते? तूच पाह्य."

ते रागानं म्हणाले, पण त्यात खरं होतं. ज्याच्यासाठी घर बांधायचं त्याला बारीक रेषांचा कागद वाचता येत नसेल, तर तो कागद माझ्या सोयीचा, त्याच्या नाही. म्हणून पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी मिस्त्रींना घेऊन प्लॉटवर बांबू रोवले आणि जिथं भिंती येणार तिथं कंबरेच्या उंचीवर दोर बांधले. जिथं दार तिथं दोर तुटलेला. सगळं घर बांधायचं होतं त्याच मापाचं. मग बाबांना म्हटलं, "चला, घर पाहून घ्या."

आधी त्यांनी नको म्हटलं. आई म्हणाली, "जा ना. गावातले लोक बी येऊन पाहून राह्यले." तेव्हा उठले.

दोराला हात लावून ते सोप्यातून आत गेले. पहिल्या वळणावर थांबले. दुसऱ्या वळणावर पुन्हा थांबले. तिसऱ्या वळणावर म्हणाले, "किती वळवतं वं? मी का घाटातून चाललो?"

मी हसले. तेही हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच.

मग ते बोलायला लागले. "हे पाह्य, गाडी हलत असली तरी मी तिकिटं फाडत जाओ. वर दांडा, बाजूले शिटाईच्या पाठी. डोळे तिकिटावर, आंग दांड्यावर. तसा एक दांडा दे मले. झोपायच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत अन् न्हाणीपासून पुढच्या ओट्यापर्यंत. मंग कोनी हात धरू नका."

"भिंतीलाच लावू. लाकडाचा, गोल."

"अन् दारं अशी कर की एक तं पूरी उघडी, नाई तं पूरी बंद. अर्धं उघडं दार लय वाईट. कपायावर लागते."

मी सरकती दारं लिहून घेतली. अर्ध्या उघड्या दाराचा विचार मी तोपर्यंत कुठल्याच घरासाठी केला नव्हता. दार कुठं उघडतं, पलंगाला लागतं का, एवढंच पाहायचे.

आई बांबूंच्या पलीकडे उभी राहून ऐकत होती. ती आत आली आणि स्वयंपाकघराच्या दोरांमध्ये उभी राहिली. नव्या नकाशात बाबांची वाट जवळची करायला मी स्वयंपाकघर मागच्या कोपऱ्यात ढकललं होतं.

"इथून मले का दिसते?" आईनं विचारलं.

"मागची विहीर दिसेल," मी म्हटलं.

"विहीर का पाहू? अर्धा दिवस माहा चुलीपाशी जाते. मले सडक पाह्यजे. कोन आलं, कोन गेलं, कोनती गाडी उभी राह्यली." मग ती थोडं थांबली आणि म्हणाली, "तुह्या बाबाले जे पाह्यजे ते कर. पण दवाखाना नको बांधू बाई. या घरात मी बी राहणार हाय."

आई बोलली त्यात तक्रारीचा सूर नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं. पण घर कुणासाठी बांधायचं याचं माझं गणित त्या वाक्यानं बदललं. एकाच्या आजाराभोवती घर बेतलं की त्यातला दुसरा माणूस त्या आजाराचा नोकर होतो. शिवाय आजारी माणसालाही रोज भिंतीभिंतीतून आपलाच आजार भेटत राहतो.

शेवटी बाबांनीच तोड काढली. "चूल पुढं घे. माही वाट तिच्या भिंतीला लागून जाऊ दे. भिंत पूरी नको, छातीपर्यंत ठेव. भांड्याचा आवाज आला की मले समजते कुठं आलो."

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून दोर सोडले आणि पुन्हा बांधले.

बांधकाम सुरू झालं तेव्हा पाया कठीण मुरूम लागेपर्यंत खाली नेला. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात तडकते आणि पावसात फुगते. तिच्यावर घर ठेवलं तर भिंती तिच्याबरोबर हलतात. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी खोदायचा कंटाळा येतो आणि उरलेला पैसा दर्शनी भागावर जातो. आमच्या दर्शनी भागात काहीच नव्हतं. गोल खांब गेले होते. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी नव्हती, कारण दुपारच्या उन्हाची तिरीप बाबांच्या उरलेल्या नजरेला सगळ्यात जास्त त्रास देई. भिंतींचे बाहेर आलेले कोपरे मिस्त्रींनी पाइपचा तुकडा फिरवून गोल केले. गावात चर्चा झाली. बाबांचे एक जुने मित्र येऊन म्हणाले, "कोपरे गोल, दारं सरकती. वास्तू-बिस्तू पाह्यली का नाई?"

"हवा पाह्यली," बाबा म्हणाले. "अन् पाणी कुठून जाते ते पाह्यलं."

घरात जाताना भंतेजींना बोलावून वंदना घेतली, खीर वाटली. भाऊ आला होता. त्यानं सगळ्या घरातून दांड्याला हात लावत डोळे मिटून चालून पाहिलं. फ्लॅटचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

सगळंच बरोबर जमलं असं नाही. ओट्याला पायऱ्यांऐवजी मी उतार दिला होता. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरलं आणि आईच घसरली. मनगट मुरगळलं. पुढं उताराला आडव्या खाचा पाडल्या आणि बाजूला दोन पायऱ्याही केल्या, कारण आईला उतार कधीच आवडला नव्हता. दुसरं म्हणजे फरशी. वाटेत खरबरीत आणि खोल्यांत गुळगुळीत अशी मी मुद्दाम घातली होती, म्हणजे पायाला कळेल. वर्षभरानं मी मोठ्या अभिमानानं बाबांना विचारलं, "फरशीचा उपयोग होतो ना?"

"कोनती फरशी?"

मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मी तं घरात बी चप्पल घालतो. पायाले का समजते? ती खिडकी हाय ना वाटेत, तिथं गालाले हवा लागते. तिथून मी मोजतो."

ती खिडकी आईनं मागितली होती, मसाल्याचा धूर जायला.

नजर हळूहळू गेली. आधी संध्याकाळची, मग सकाळचीही. घराची त्यांना इतकी सवय झाली होती की शेवटची उजेडाची पट्टी कधी मिटली ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. न्हाणीतून ओट्यावर ते आपले आपण येत. सडकेवर जीपची वाट पाहणारे लोक ओट्यावर टेकत, गप्पा होत.

एका दिवाळीत भाऊ कुटुंबासह आला होता. घर भरलं होतं. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची वाटेत ठेवली आणि विसरलं. बाबा नेहमीच्या चालीनं आले आणि खुर्चीसकट पडले. फार लागलं नाही, नडगी सोलली. पण ते उठेनात. फरशीवर बसून राहिले, आणि मग रडायला लागले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. काचबिंदूचं कळलं तेव्हाही ते रडले नव्हते.

"घर मले पाठ हाय," ते म्हणाले. "पण माणसाईचं का करू? ते कुठं पाठ होतात?"

आई त्यांच्याजवळ खाली बसली. तिनं त्यांना उठवायची घाई केली नाही. नडगीवर हळद दाबून धरली, आणि आम्ही सगळे उभ्यानं पाहत राहिलो. दार सरकतं करता येतं, कोपरा गोल करता येतो. वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय भिंतीत बांधता येत नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ धाडच्या बाजारातून घडीच्या खुर्च्या आणि जाड हुक घेऊन आला. दुपारभर त्यानं भिंतीत हुक ठोकले आणि खुर्च्या टांगल्या. बसायचं तर काढायची, उठलं की टांगायची. त्याच्या बायकोनं लेकरांना चपला, दप्तरं, खेळणी कुठं ठेवायची ते दाखवलं. बाबा ओट्यावरून ठोकण्याचा आवाज ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "जरा खाली घे रे, तुह्या आईचा हात पुरला पाह्यजे."

आता मी कुणाच्या घराचा नकाशा काढायच्या आधी त्या घरी एकदा जेवायला जाते. कोण कुठं बसतं, ताट कुठून येतं, म्हातारं माणूस उठताना कशाला धरतं, एवढं पाहते. खोल्या किती हव्यात ते नंतर विचारते. जमेल तिथं दोर बांधून घरच्यांना त्यात चालवते. काहींना ते येडपटपणाचं वाटतं. पण चालता चालता बहुतेक बायका स्वयंपाकघरात थांबतात आणि तोपर्यंत न बोललेलं काहीतरी बोलतात.

गेल्या हिवाळ्यात आई तिच्या बहिणीकडे लग्नाला गेली. बाबा घरी एकटे राहणार होते, त्यांच्याच हट्टानं. शेजारच्या काकू दोन्ही वेळ डबा द्यायला तयार होत्या. बाबांनी नको सांगितलं. मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बुलढाण्याहून गाडी धरून गेले. दार आतून बंद होतं. कडी वाजवली. आतून दांड्यावरून हात सरकल्याचा बारीक आवाज आला, दार सरकलं.

"काऊन आली?" त्यांनी विचारलं.

"इकडं काम होतं."

"काम!" ते म्हणाले. "बस मंग. खिचडी केली, गरम हाय."

खिचडी खाली थोडी लागली होती, पण चव बरी होती. चुलीपाशी मीठ सांडलं होतं. मिठाची बरणी फळीवर पार मागं सरकली होती आणि ती काढताना त्यांचा हात पुढच्या डब्यांना लागून ती कलंडली असणार. जेवून झाल्यावर फळीवर वीत धरून पाहिली. खोल होती. एका डब्यापुरती हवी होती, म्हणजे मागं काही सरकणार नाही. पुढच्या रविवारी सुतार आला आणि ती कापून गेला.