नामा फोटोवाल्याचा पडदा

तुमच्या घरात भिंतीवर लावलेला सगळ्यात जुना फोटो कुणाचा आहे? आजोबांचा असेल, आजीचा असेल. पण त्यात तुमचं घर दिसतं का? उंबरा, चूल, दारातलं झाड, काहीतरी? उठा आणि बघून या.

नसणार. मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. खोपोलीजवळच्या शिळफाट्याच्या नामा फोटोवाल्यामुळे पडला, आणि फार उशिरा पडला.

नामा मूळचा कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याचा, भातशेतीवाल्या घरातला. १९५५ साली मुंबईहून एक म्हातारे गृहस्थ लेण्यांचे फोटो काढायला आले. त्यांची तिपाई आणि पेटीएवढा कॅमेरा उचलायला नामा गेला. वय अठराएक. लेण्यात अंधार. गृहस्थांनी त्याच्या हातात आरसा दिला, बाहेर उन्हात उभं केलं आणि सांगितलं, ऊन आत फेक. दुपारभर नामा उन्हाची तिरीप त्या दगडी खांबांवरून फिरवत राहिला. निघताना गृहस्थांनी त्याला काळ्या कापडात डोकं घालायला सांगितलं. कॅमेऱ्याच्या काचेवर लेणं उलटं दिसत होतं.

"डोकं बाहेर काढायला मन होईना, ताई," तो मला सांगायचा. "अख्खा डोंगर उलटा लटकला होता आन् पडत नव्हता."

घरी बाप म्हणाला, "कापणी सोडून आरसा फिरवत बसतोस. नवरी हायेस काय रं?"

नामा त्याच साली घर सोडून खोपोलीत आला. एका स्टुडिओत झाडू मारला, फोटो धुवायला शिकला, आणि चार वर्षांनी शिळफाट्यावर एक खोली घेऊन स्वतःची पाटी लावली. जवळच्या एका गावची नाटकमंडळी मोडली होती, त्यांचा पडदा त्याने उचलून आणला. पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस, काठावर पांढरा राजवाडा.

इतर फोटोवाले डोंगरातल्या ठाकर आदिवासींना दुकानाच्या पायरीवर ताटकळत ठेवायचे. नामा स्वतः त्यांच्या वाडीवर जायचा. दरवर्षी माघात लग्नं सुरू झाली की तिपाई खांद्यावर, पडद्याची गुंडाळी डोक्यावर, आणि तो हेदाच्या वाडीची चढण चढायचा. एकतीस घरं, सगळी कारवीच्या काठ्यांच्या कुडाची, शेणाने सारवलेली. घराच्या वळचणीला तो पडदा बांधायचा. दार, कूड, सगळं पडद्यामागे. पुढे लोखंडी खुर्ची. बाप्यांसाठी एक काळा कोट, तोही नामाच आणायचा. जाड्यालाही तोच, काटकुळ्यालाही तोच.

एकदा चढणीने दमून नामा म्हणाला होता, आज पडदा राहू दे. वाडीचा जाणता पोशा चिडला. "कूड काय दाखवायचा? कूड रोजच बघतो आमी. तळं लाव."

नामालाही मनातून तेच हवं होतं. पडद्याच्या कडेने कोंबडी डोकावली तरी तो खेकसायचा.

१९६१ साली पोशाच्या मुलीचं, कोंडीचं लग्न होतं. नामा कॅमेऱ्यात काच लावून तयार (तेव्हा त्याचा फोटो फिल्मऐवजी काचेवर उमटायचा), आणि नेमका वारा आला. पडदा वर उडून नवऱ्याच्या डोक्यावर पडला. कोंडी खुर्चीत बसून खदखदून हसली. मागे पोशाचं दार, दारात हंडा घेऊन कोंडीची आई जना, आणि शेजारी भलं मोठं हेदाचं झाड. नामाच्या हातून तेवढ्यात कळ दाबली गेली होती.

त्याच्या लेखी ती काच वाया गेली. दुसरा फोटो त्याने नीट काढला. बिघडलेल्याची एक प्रत हसण्यावारी नवऱ्याला, हिरूला, फुकट देऊन टाकली आणि काच गरम सोड्यात धुऊन कुणाच्या तरी फ्रेमला बसवली. काच महाग, बिघडलेल्या काचेचं सगळे असंच करायचे.

बावीस वर्षांनी, १९८३च्या जानेवारीत, वाडीवर माणसं आली. उतार कुणीतरी विकत घेतला होता. दिवसाढवळ्या घरं मोडली, कूड पेटवले, हेद तोडला. कागदावर मालकाने लिहून दिलं, इथे पूर्वीपासून ओसाड माळ होता, झोपड्या दोन वर्षांपूर्वी आल्या. वाडीकडे ना पावती ना उतारा. वाडी जुनी आहे एवढं सिद्ध झालं तर घरांची जागा त्यांची राहणार होती. नाहीतर काही नाही.

मी शिळफाट्याचीच, वाडीचे अर्ज लिहून देत होते; छाती पुढे काढून म्हणाले, पुरावा आहे. आमचा नामा आहे.

नामाने आठ दिवस खोली बंद करून जपलेल्या काचांवरून एकशे बारा फोटो नव्याने छापले. वाडीतले होते तेवढे जुने फोटोही आम्ही गोळा केले, कारण प्रत्येकाच्या पाठीवर नामाचा शिक्का आणि हाताने लिहिलेली तारीख होती. सगळा गठ्ठा सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी सावकाश पाहिले. उलटवून तारखा पाहिल्या. "तारखा जुन्या आहेत," ते म्हणाले. "माणसं दिसतायत. वाडी कुठाय?"

मालकाचा वकील पुढे वाकला. "हा राजवाडा यांचाच का? आणि हा कोट घातलेला माणूस किती वेळा लग्न करतो?"

सगळे हसले. पोशा उठला. त्याने फोटोतल्या राजवाड्यावर बोट ठेवलं. "ह्याच्या मागं आमचं घर हाय, साहेब."

मग कुणी हसलं नाही. पण लिहूनही कुणी घेतलं नाही. पुढची तारीख मिळाली.

बाहेर जिन्यावर मी नामावर भडकले. "आयुष्यभर काय काढलंस रं? हंस?"

तिपाई नसतानाही त्याचा एक खांदा खाली झुकलेला असतो, तसाच तो जिना उतरत गेला. मी ते बोलायला नको होतं. पडदा आम्हीच मागत होतो. माझ्या आईचा एकुलता एक फोटो त्याच तळ्याकाठी आहे, आणि आमची मातीची ओसरी कशी होती ते मला आता नीट आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी नामा एकटा वाडीवर गेला, पहिल्यांदाच पडद्याशिवाय. चुलीचे दगड, राख आणि हेदाचं खोड यांचे फोटो काढून आणले. चांगले आलेत. पण ते दगड कुठलेही असू शकतात.

त्यानंतर त्याने लग्नं घेणं बंद केलं. वाडीची माणसं सध्या शिळफाट्यामागे रस्त्याच्या कडेला राहतात. पडदा नामाने जनाला छपरासाठी देऊन टाकला. चित्र आतल्या बाजूला आहे. मी गेले तर म्हणाली, "आडवं झालं की वर तळं दिसतं गं. पाणी मातर खरंच गळतं."

तिथेच, त्या छपराखाली बसलेला असताना, नामाला वाऱ्याचा तो फोटो आठवला. वाडी दिसणारा तेवढा एकच, आणि त्याची प्रत हिरूकडे. कोंडी पहिल्या बाळंतपणात गेली. हिरू मोहोपाड्याला कारखान्याच्या बांधकामावर लागला, तिथून कुठे गेला कुणाला माहीत नाही. नामाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तरी तो रोज सायकल ढकलत मोहोपाड्याच्या चाळी फिरतो आणि म्हणतो, तुमची भिंत बघू द्या. लोकांना वाटतं, फ्रेम विकायला आलाय. दार लावून घेतात.

बारा डिसेंबरला पुढची तारीख आहे.

म्हणून तुम्हाला मागते. भिंतीवरचे, पेटीतले, देव्हाऱ्यामागचे जुने फोटो काढा. खुर्चीत हसणारी नवरी, शेजारी मोठा काळा कोट, डोक्यावर पडदा, आणि मागे कुडाचं घर, दारात हंडा घेतलेली बाई, झाड. असा फोटो सापडला तर बिघडलेला म्हणून टाकू नका. पाठीवरची तारीख पुसू नका. शिळफाट्याला नामाच्या खोलीवर आणून द्या. आणि तो तुमच्या दारात आला, तर त्याला आत घ्या, भिंत बघू द्या.