मामांची उरलेली औषधं

जगातले जंतू कोणामुळे माजले असं कुणी विचारलं, तर मी सरळ माझ्या मामेसासऱ्यांकडे बोट दाखवीन. इकडे अमेरिकेत, पार्सिपनीत आयुष्य काढलेला हा निवृत्त इंजिनियर माणूस, पण औषधाचा कोर्स म्हणून कधी पुरा केला नाही. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात. दरवर्षी पुण्याहून येताना बॅगेत भाकरवडीखाली अँटिबायोटिक्सच्या पट्ट्या. कॉलनीत कुणी शिंकलं की मामा डबा घेऊन दारात हजर. "दोनच घे, स्ट्राँग असतात," हा वर सल्ला. माझी लेक एकदा म्हणाली, "मामाआजोबा, यू आर नॉट अ डॉक्टर." तर म्हणे, "म्हणून तर फुकट देतो."

त्यांच्या हृदयाची एक झडप तरुणपणापासून गळकी. दाताला हात लावू देण्याआधी हे डॉक्टरला सांगायचं, असं कितीदा बजावलेलं. गेल्या हिवाळ्यात पुण्यात दाढ काढून आले, सांगितलं का? छे. "दाढेचा आणि हृदयाचा काय संबंध?" परतल्यावर रोज संध्याकाळी ताप. चार गोळ्या घेतल्या, ताप गेला, गोळ्या बंद. ताप आला, पुन्हा चार. शेवटी मीच ओढत डॉक्टरकडे नेलं. तिने विचारलं, काही औषध घेतलंत का? मामा म्हणाले, "नो." मग गोळ्यांनी दबलेले जंतू रक्ताच्या तपासणीत सापडणार कसे? रिपोर्ट स्वच्छ आला आणि मामा खूश.

एका रविवारी जेवायला आले आणि बाही वर सारून म्हणाले, "गंमत बघ." कोपराच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ, आणि ती चक्क नाडीसारखी उडत होती. येईल त्याला ते ती दाखवत सुटले होते. मी गॅस बंद केला आणि त्यांना गाडीत कोंबून इमर्जन्सीत नेलं.

दाढेच्या जखमेतून रक्तात शिरलेल्या जंतूंनी झडपेवर घर केलं होतं. तिथला एक कण रक्ताबरोबर वाहत जाऊन हातातल्या धमनीच्या भिंतीत रुतला, आणि भिंत पोखरून फुग्यासारखी फुगली. फुटली तर हातच काय, माणूसही जाईल, सर्जन म्हणाला. "फार रेअर आहे म्हणे," मामांनी मला कौतुकाने सांगितलं. गोळ्यांचं तेव्हा कबूल केलं. "अगं, चार गोळ्या म्हणजे काय औषध झालं?" त्यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

मामा वाचले. नंतर कित्येक आठवडे शिरेतून औषध चढलं, पुरा कोर्स, मी समोर बसून. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी बधिर राहिली. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

पण ऑपरेशनला नेत होते तेव्हा मात्र मी गप्प झाले होते. नुसती स्ट्रेचरशेजारून चालत होते. मामांनी मान वळवून पाहिलं. तो माणूस घाबरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"सूनबाई, ओरडत का नाहीस? म्हणजे फारच वाईट आहे का गं?"

मग मी ओरडले. दार बंद होईपर्यंत, घसा बसेपर्यंत ओरडले. नर्सला वाटलं असेल, कसली कजाग बाई. मामा मात्र डोळे मिटून, निवांत ऐकत आत गेले.