जीपमधल्या माणसाची झडती

तो रशियाहून परत आला त्या दिवशी माझ्या आईनं कोंबडी केली. मी भिलाईच्या रेल मिलमध्ये पक्का कामगार झालो तेव्हा तिनं शिरा केला होता. शिरा चांगलाच झाला होता, पण हा फरक माझ्या मनात बसला तो बसलाच.

आम्ही दोघं भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे, एकाच शाळेतले. भिलाईला पोलादाचा प्लांट बांधायला माणसं हवीत हे ऐकून एकाच गाडीनं आलो आणि दुर्ग स्टेशनावर उतरलो. सुरुवातीला दोघंही खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मजूर. लोखंड उचलायचं, दोर ओढायचे आणि संध्याकाळी मुरमाच्या लाल धुळीनं माखून झोपडीवर परतायचं. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. पुढं मला क्वार्टर मिळालं, मी आईला गावाहून आणलं आणि तेव्हापासून तो आमच्याकडेच जेवू लागला. आई भाकर टाकायची ती आधी त्याच्या ताटात. "त्याले कोण हाये?" असं म्हणायची. मलाही ते पटायचं, कारण तेव्हा आम्ही बरोबरीचे होतो.

मग रशियाला शिकायला पाठवायची माणसं निवडली गेली. परीक्षेत दोघंही पास झालो. डॉक्टरनं मात्र माझ्या डाव्या डोळ्यात दोष काढला. तो गेला, मी राहिलो. परत आला तो चार्जमन, म्हणजे कामगारांवरचा छोटा साहेब होऊन, जाडजूड कोट घालून आणि रशियन बोलत. एका रशियन इंजिनियरबरोबर त्याची नेमणूक झाली. त्या साहेबाला दुभाष्यापेक्षा हाच लवकर समजायचा. त्यामुळं दिवसभर तो साहेबाच्या जीपमधून फिरायचा.

पाळी सुटली की आम्हा कामगारांची गेटवर रांग लागायची. तांब्याची तार चोरीला जाते म्हणून झडती व्हायची. डबा उघडून दाखवायचा, पिशवी उलटी करायची, एखाद्याला जोडेही काढायला लावत. बाजूच्या मोठ्या फाटकातून गाड्या सुटायच्या, न थांबता. त्यातल्या एका जीपमधून तो आम्हाला हात दाखवायचा. त्या हात दाखवण्यात गर्व नव्हता, खरोखरची ओळख होती. म्हणूनच मला ते जास्त झोंबायचं. गर्व असता तर शिवी देऊन मोकळा झालो असतो.

घरी आई म्हणायची, "पाह्य, एवढा मोठा झाला तरी आपलं ताट आपून धुते. आन् तू?"

मी ताट तसंच सारून उठायचो.

त्या वर्षी जयंतीच्या आठवड्यात खुर्सीपार वस्तीतल्या आमच्या विहारात वादविवाद ठेवला होता. विहार म्हणजे पत्र्याची शेड आणि वर निळा झेंडा. दुर्गहून एक गुरुजी रविवारी आम्हाला शिकवायला यायचे, विषय त्यांनीच दिला. त्या काळात रेडिओवर सारखं तेच चाललं होतं. अणुबॉम्बचे स्फोट बंद करायला मोठी राष्ट्रं तयार होती म्हणे, पण गाडी एका ठिकाणी अडली होती. आत येऊन तपासणार कोण? एक म्हणे पाहिल्याशिवाय विश्वास नाही, दुसरा म्हणे तुमचे तपासनीस म्हणजे हेर. गुरुजींनी विषय फळ्यावर लिहिला, 'बलाढ्य राष्ट्रांनी आपल्या अणुअस्त्रांची आंतरराष्ट्रीय तपासणी मान्य करावी काय?'

त्यानं 'करावी' या बाजूनं नाव दिलं. ते कळल्यावर मी विरोधात दिलं. तोवर मला या विषयावर काही मतच नव्हतं.

कार्यक्रमाला शेड भरली होती. आई बायकांमध्ये अगदी पुढं बसली होती. आधी तो बोलला. रशियात त्यांच्या वसतिगृहात स्वयंपाक करणारी एक बाई होती, तिचं सगळं घर लढाईत गेलं होतं. ती रोज सकाळी चहा देताना या पोरांना विचारायची, तुमच्या रेडिओवर लढाईचं काही ऐकलं का? हे सांगून तो म्हणाला, "त्या बाईच्या देशाकडं बॉम्ब आहे, तरी ती भितेच. ज्याच्याकडं आहे तोही भिते आणि ज्याच्याकडं नाही तोही. मग दारं बंद करून कोणाचं भलं झालं? लहान देशाले सांगायचं, तुम्ही बनवू नका. आपण मात्र कोणाले आत येऊ द्यायचं नाही, हा कुठला न्याय? सगळ्यात बलवान असेल त्यानंच सगळ्यात आधी दार उघडलं पाहिजे."

टाळ्या थांबता थांबेनात. आई तर हात दुखेपर्यंत वाजवत होती.

माझी पाळी आली. हेरगिरी, देशाचं स्वातंत्र्य असं बरंच पाठ केलं होतं, त्यातलं अर्धं विसरलो. समोर तो बसला होता, कोटाच्या बाह्या दुमडून, मन लावून ऐकत. त्याला तसं ऐकताना पाहून माझं डोकं फिरलं.

"तपासणी होते ती खालच्याची," मी म्हणालो. "वरच्यानं मान्य करावी म्हणता, पण तपासायची छाती कोणाची आहे? अमेरिका, रशिया लांब राहिले. आपलं गेट पाहा. आपला डबा रोज उघडतात. जीप उघडतात काय? आणि जीपमंधी कोण बसते?"

सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. कोणीतरी मागून हसलं. मग मी सरळ त्यालाच विचारलं, "सांग न गा, तुयी झडती कोण घेते?"

तो उठून उभा राहिला. त्याचं तोंड उतरलं होतं. "कोणी नाही घेत," एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

बक्षीस मला मिळालं. गुरुजींनी हार घातला. घरी जाताना आई म्हणाली, "त्याले सगळ्यायसमोर कायले खाली पाडलं?"

"खोटं बोललो काय मी?"

"खोटं नाही बोलला. पण तुले त्याची जीप पायजे हाये, झडती नाही."

मी हार काढून खांद्यावर टाकला आणि पुढं चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली तेव्हा आम्ही रांगेत होतो. जीप आली, पण फाटकाशी न जाता अलीकडेच थांबली. तो उतरला, साहेबाला रशियनमध्ये काहीतरी म्हणाला आणि हातात डबा घेऊन आमच्या रांगेच्या शेवटी येऊन उभा राहिला. पुढचे वळून पाहू लागले. रांग सरकत गेली, त्याचा नंबर आला तसा गार्ड गडबडला.

"साहब, आप गाड़ी से जाइए ना।"

"डब्बा देख लो भाई।"

"आपका क्या देखना, साहब!"

"बाकी सबका देखते हो ना?"

गार्डनं डब्यात नजर टाकल्यासारखं केलं आणि घाईनं झाकण लावलं. एवढ्यात तो रशियन इंजिनियरही काय चाललंय ते पाहायला उतरला. यानं त्याला समजावून सांगितलं. साहेब मोठ्यानं हसला, जीपमधून आपली चामड्याची बॅग आणली आणि गार्डच्या टेबलावर उघडून ठेवली. गार्ड दोन्ही हात जोडून मागं सरकला. त्याला काही केल्या हात पुढं करवेना. तेवढ्यात आतून एक अधिकारी धावत आला, त्यानं स्वतः ती बॅग बंद केली आणि माफी मागत साहेबाला जीपमध्ये बसवलं.

साहेब तयार होता, तरी त्याची बॅग तपासली गेली नाही. आदल्या दिवशी मी रागाच्या भरात बोललो होतो तेच खरं ठरलं. पण त्याकडं कोणाचं लक्ष होतं? सगळी रांग माझ्या दोस्ताभोवती जमली होती. कोणी त्याच्या पाठीवर थाप मारत होतं, कोणी हात हातात घेत होतं. मला तो लहान झालेला पाहायचा होता, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत आणखी उंच झाला. प्रश्न माझा होता, नाव त्याचं झालं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आईच्या कानावर गेली होती. त्या दिवशी तिनं त्याला वाढलं तेव्हा मी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पुढं तो रोज रांगेत उभा राहू लागला. जीप त्याच्यासाठी थांबेना, तो आमच्यासारखाच सायकलवर यायला लागला. वरचे लोक कुरकुरत होते असं ऐकलं. नंतर नवा हुकूम निघाला, गाड्यांचीही झडती होईल. ती होऊ लागली, पण उतरवत फक्त ड्रायव्हरला. मागं बसलेल्यांना कोणी काही म्हणत नसे. काही महिन्यांनी त्याला बढती देऊन नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत पाठवलं. बढती होती की लांब पाठवणं होतं, ते कोणालाच नीट कळलं नाही. त्यानं कधी तक्रार केली नाही. तो गेल्यावर आता आई आपली होईल असं मला वाटलं होतं. पण ती जेवायला बसली की म्हणायची, "तिकडं कोण वाढत असन त्याले?"

मोठ्या राष्ट्रांचा अणुस्फोटांवर करार झाल्याची बातमी आली, त्याच आठवड्यात आईनं लोणच्याची बरणी देऊन मला नंदिनीला पाठवलं. तिथं झाडं, पत्रे, माणसांच्या भुवया, सगळं चुन्यानं पांढरं झालं होतं. तो मला पाहून धावतच आला.

"तू जिंकला गा," तो म्हणाला. "हवेतले स्फोट बंद, पाण्यातले बंद. जमिनीखालचे चालू. आन् आत येऊन कोणी पायणार नाही. मोठ्यायनं दार उघडलंच नाही."

"मले कुठं जिंकायचं होतं!"

"मंग काय पायजे होतं तुले?"

खरं उत्तर जिभेवर होतं. मी बरणी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "आईनं धाडली."

त्याला सुरुंग उडवायच्या जागी जायचं होतं, चल म्हणाला. वाटेत एक म्हातारा मुकादम काडीपेटीसाठी सगळ्यांचे खिसे तपासत होता. त्यानं आधी याचे तपासले, अगदी सदऱ्याच्या आतपर्यंत, आणि यानं हात वर करून शांतपणे तपासू दिले. माझ्या खिशात बिड्या आणि काडीपेटी निघाली.

"तुमी इथंच थांबा," म्हातारा मला म्हणाला.

मी दगडावर बसलो. तो खाली उतरत गेला. ज्याच्या ज्याच्या जवळून तो जाई, तो माणूस हातातलं काम थांबवून त्याच्याशी दोन शब्द बोलत होता. मी ते सगळं वरून पाहत राहिलो, भोंगा होऊन सगळे आडोशाला जाईपर्यंत आणि सुरुंगाचा आवाज येईपर्यंत.