संमतीपत्राचं गाऱ्हाणं

तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून मी मुलांना काय दिलं ते देव जाणे, मला मात्र डाव्या पायात फुगलेल्या, निळ्या शिरा मिळाल्या. ऑपरेशन ठरलं, म्हणजे घरच्यांनी ठरवलं. पाय माझा होता, एवढाच माझा सहभाग. आतून मी घाबरले होते. पाय कायमचा बधिर झाला तर, हा एकच विचार डोक्यात. पण सांगणार कोणाला? बाई कशाला घाबरत नाहीत, असा सगळ्या गावाचा समज आहे.

नर्सने संमतीपत्र दिलं, "वाचून सही करा" म्हणाली आणि गेली. माझा चष्मा घरी राहिलेला. तेव्हा थोरल्या दिरांनी कागद घेतला. गावच्या देवळात गाऱ्हाणं तेच घालतात. ते उभे राहिले, घसा खाकरला आणि देवासमोरचाच सूर लावला.

"भुलीचा त्रास होऊ शकतो..."

"व्हय म्हाराजा," नवरा आणि नणंद देवळातल्या सवयीने म्हणाले.

"पायात रक्ताची गाठ होऊ शकते..."

"व्हय म्हाराजा."

"शिरा पुन्हा फुगू शकतात..."

"व्हय म्हाराजा."

देवळात आम्ही संकटं टळावीत म्हणून गाऱ्हाणं घालतो. इथे एकेक संकट रांगेने मंजूर होत होतं. "इतर उपचारांची माहिती मला मिळाली आहे," याला तर मीही व्हय म्हाराजा म्हटलं. तसली माहिती कोणी दिलीच नव्हती. नवऱ्याने पेन पुढे केलं, मी सही ठोकली.

मग डॉक्टरीणबाई आल्या. "समजलं ना सगळं?"

"हो."

"काय समजलं, ते तुमच्या शब्दांत सांगा."

वर्गात मी रोज विचारायचे, "समजलं का?" सगळा वर्ग म्हणायचा, "होऽ बाई," की मी पुढचा धडा घ्यायला मोकळी. तुमच्या शब्दांत सांगा, असं म्हणून मी कधी कोणाला अडवलं नाही. अडवलं असतं तर पुस्तक संपलं नसतं.

"माका काय एक समाजला नाय," मी म्हटलं. भीतीने भाषासुद्धा घरची आली.

"अगो, गाऱ्हाणा घालून झाला, आता काय?" दीर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला, स्टूल ओढलं आणि नुसत्या घट्ट मोज्यांनी भागेल का, इथपासून सुरुवात केली. मी मध्येच विचारलं, "पाय बधिर राहील?"

"सहसा नाही. राहिलाच तर इथे," म्हणत त्यांनी माझ्या घोट्याच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं.

या वेळी मागून व्हय म्हाराजा आलं नाही. सगळे ऐकत होते.