राजाच्या तांब्यातला काढा

आमच्या गावी शंकरपटात दिवसा बैलजोड्या पळत आणि रात्री नाटक रंगे. त्या वर्षी राजाची भूमिका माझ्या मित्राला मिळाली, मला सेनापतीची. घुग्घुसच्या कोळसा खाणीतून रजा टाकून मी आलेलो, पाठांतर माझं चोख, आवाज दणदणीत. आणि राजा तो! का? तर म्हणे, "त्याले मुकुट शोभते."

तालमीत राजासाठी ज्येष्ठमधाच्या काढ्याचा वेगळा तांब्या असे. त्याला दुसऱ्यानं तोंड लावायचं नाही, हा रिवाज. तो तांब्या पाहिला की माझा जळफळाट होई.

पट आठवड्यावर आला आणि राजा तापला. एका दुपारीच अंग फणफणलं, दात कडकड वाजू लागले. अख्खी मंडळी त्याच्या उशाशी! आजारी पडावं तर असं, पहिल्याच प्रवेशात टाळ्या. मला त्याच्या तापाचाही हेवा वाटला. पण सिंहासन रिकामं होतं. मी मुकुट चढवला आणि त्याच्या तांब्यात उरलेला काढा घटाघटा प्यायलो.

"अबे, उष्टा हाय ना तो त्याचा!" तालीम मास्तर ओरडले.

"आता राजा मीच हावो, मास्तर!"

माझा मित्र लवकरच उठून बसला, भाकर मागू लागला. माझा घसा तेवढा खवखवत होता. "मले पाहा, तापच नाई!" मी छाती ठोकून सांगत फिरलो.

पटाच्या सकाळी तीच छाती कफानं भरली. मी धापा टाकत कोसळलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या मित्राचं अंग पहिल्याच दिवशी लढाले उठलं, म्हणून ताप भडकला अन् लवकर उतरला. तुमचं अंग झोपून राह्यलं, तवर आजारानं आत ठाण मांडलं. सगळ्यायचं असंच होते असं नाई. तुमचं तसंच दिसून राह्यलं."

म्हणजे सेनापती मी, आणि फौज वेळेवर निघाली त्याची!

संध्याकाळी तो राजवेषात माझ्या खाटेशी आला. मुकुट खरंच शोभत होता. त्यानं माझ्या कपाळाला हात लावला, वाफाळता तांब्या पुढे केला.

"घे भाऊ, आज पयला घोट तुहा."

"अन् मुकुट?"

"ताप नेला ना माहा? तेवढ्यावर भागव."

मी घोट घेतला. काढा फक्कड झाला होता. मेल्यानं तोही स्वतःच केला होता.