तब्येत जास्त आहे

आमच्या गावच्या लेकींचा फोनवर एक ग्रुप आहे. त्याची ॲडमिन मी. चौथी शिकलेल्या बाईकडे हे काम कसं आलं ते आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते माझ्याच हातून झालं.

गाव पाचोरा तालुक्यात. माझं सासर दोन वर्षांत संपलं. नवरा गेला, मूल नव्हतं, मी भावाकडे परत आले ती कायमची. बाकीच्या पोरी लग्न होऊन कोणी धुळ्याकडे, कोणी चोपड्याकडे, कोणी एरंडोलला गेल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, त्या माहेरी येतात, झोके घेतात, भांडतात, जातात. मी कुठे जात नाही. मी माहेरातच असते.

एका आखाजीला धुळ्याकडची एक लेक देवळापुढे उभी राहून ओरडत होती. तिचा काका वारला आणि तिला चौथ्या दिवशी कळलं. "माहेर मेलं का आमचं?" असं ती विचारत होती. शाळेतल्या मॅडम तिथे होत्या. त्यांनी त्याच दिवशी ग्रुप काढला. चौकोनी काळे ठिपके असलेला कागद छापून देवळाच्या भिंतीला लावला. फोन त्याच्यासमोर धरला की कोणीही आत. कोणाला विचारायचं नाही. लेकीने माहेरात यायला परवानगी कशाला, असं मीच म्हणाले होते. मॅडमची बदली झाली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तुम्ही घरीच असता, वाचता येतं, आणि तुम्हाला सगळे घाबरतात." मग ग्रुप माझ्याकडे आला.

बातमी वेळेवर पोचायला आमच्याकडे एक मोठं कारण आहे. बाई मेली की तिच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं पडतं. माहेरचं माणूस लुगडं घेऊन येईपर्यंत तिला उचलत नाहीत. माहेरात कोणीच उरलं नसेल तर गावातलं कोणीतरी नेतं.

माझी एक मैत्रीण चोपड्याला दिलेली होती. चौथीपर्यंत एका पाटावर बसलो. ती माझ्या पाटीवरून गणितं उतरवायची आणि मला मार पडला की हसायची. तिचे दोघे भाऊ वारले, घर विकलं गेलं, तरी ती आखाजीला यायची आणि माझ्याकडे उतरायची. गेल्या आखाजीला आम्ही दोघी झोक्याजवळच्या ओट्यावर बसलो होतो.

"तुले सांगी ठेवस," ती म्हणाली. "मी मरनू का तुना हातनंच लुगडं पाहिजे माले. दुकानातलं नको. पोरं कोठूनबी उचली आनतीन आनि सांगतीन माहेरचं शे."

"कोणता रंग?"

"फिक्का निळा. लाल काठ. आनि जाडंभरडं नको आनजो, कंजूस."

"मरणाऱ्याला काय कळतं जाडंभरडं?"

"माले कळी!" ती म्हणाली आणि मग मला चिमटा काढून हसली. "तुले कोन आनी? तू ते माहेरमाच मरशी."

मी पाचोऱ्याला जाऊन लुगडं घेतलं. फिकं निळं, लाल काठाचं, मऊ. घडी पेटीत ठेवली. तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आता कधीबी मरते.

ग्रुपचं काम पहिलं वर्ष नीट चाललं. कोणाला मूल झालं, कोणाची म्हैस व्याली, कोण पडलं, कोण वारलं. एकदा एक लेक शेतात कापूस वेचत होती. फोन वाजला म्हणून तिने पाहिलं, तर तिच्याच बापाचं नाव आणि पुढे "वारले". ती तिथेच पडली. वेचणाऱ्या बायकांनी तिला खाटेवर घालून आणलं. पूर्वी असं करत नसत. माणूस गेलेलं असलं तरी नातलगाला "तब्येत जास्त आहे, निघून या" एवढंच सांगत. गाडीत बसल्यावर त्याचं त्याला समजायचं. मी ग्रुपवर लिहिलं, यापुढे कोणी "वारले" लिहायचं नाही. तब्येत जास्त आहे, निघा, असं लिहायचं. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. हा माझा पहिला नियम.

मग घाण यायला लागली. देवळावरच्या कागदाचा कोणीतरी फोटो काढला असणार. रोज सकाळी पाच-सहा अनोळखी नंबर आत आलेले असायचे. घरबसल्या कमवा. गुडघेदुखीवर लेप. सोन्याचा हंडा सापडलेल्या बाबाचा पत्ता. हा मेसेज अकरा जणांना पाठवा, नाहीतर वाईट बातमी येईल. आमच्याच लेकी घाबरून तो अकरा जणांना पाठवायच्या, त्यात ग्रुपही यायचा, म्हणजे ग्रुपवर तोच पुन्हा पुन्हा. मी एकेक पुसायचे. तांदूळ निवडावेत तसं रोज सकाळी बसायचे. खडे संपायचे नाहीत.

भाचेसून मला म्हणाली, "आत्याबाई, असं करा ना, फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं बटण असतं. दाबून टाका."

"मग बाकीच्या?"

"त्या वाचतील."

"माहेरी येऊन तोंड शिवून बसायचं का त्यांनी?"

"मग कागद तरी फाडा. नवी लिंक करू. विचारून आत घेऊ."

"नंबर बदलतात त्या. नवऱ्याचा फोन, पोराचा फोन, सुनेचा फोन. मी कोणाकोणाला ओळखणार?"

"तर मग निवडत बसा," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं, पण मी ऐकलं नाही.

त्यानंतर लग्नपत्रिका आली. एरंडोलच्या एका लेकीने ती पत्रिका समजून उघडली. तिचा फोन तिच्या ताब्यात राहिला नाही. तिच्या नावाने सगळ्यांना तीच पत्रिका गेली, आणि तिच्या नवऱ्याने तिला मारलं. फोनने काय केलं ते पोलिसांत सांगता आलं, नवऱ्याने काय केलं ते कुठे सांगायचं? ती ग्रुप सोडून गेली. पुढे महिनाभर आजारी पोरांचे फोटो यायचे. नाकात नळी, डोळे मिटलेले, खाली एक नंबर. "अवस्था गंभीर, ताबडतोब फोन करा." आमच्या एका म्हातारीने फोन केला, तर समोरचा माणूस गोड बोलून तिच्याकडून आकडे काढून घेत होता. नातू मध्ये पडला म्हणून वाचली.

तेव्हा मी दुसरा नियम केला, आणि तो स्वतःसाठी केला. अनोळखी नंबर, नाव नाही, फोटो आहे, खाली फोन करा लिहिलंय, तर उघडायचं नाही, वाचत बसायचं नाही. पुसायचं आणि माणसाला बाहेर काढायचं.

ग्रुप स्वच्छ झाला. मला त्याचा अभिमान वाटत होता, हे खोटं कशाला सांगू.

उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करत होतो. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठात. ऊन चढायच्या आत घालून संपवायचे होते. फोन जिन्याच्या सावलीत ठेवलेला, तो वाजला. भाचेसुनेने पाहिला.

"आत्याबाई, ग्रुपवर काहीतरी आलंय. आईंची तब्येत जास्त आहे, लवकर निघा, या नंबरवर फोन करा."

"कोणाचा नंबर?"

"ओळखीचा नाही. आजच आत आलाय."

"नाव?"

"नाही. फोटो आहे, धूसर दिसतोय. उघडू?"

"उघडू नको. काढ."

"नक्की?"

"किती वेळा सांगू? काढ, आणि ते फडकं ओलं करून दे, पीठ वाळतंय."

तिने पुसलं आणि नंबर बाहेर काढला. सगळं मिनिटभरात झालं. त्या दिवशी बिबडे चांगले वाळले.

तिसऱ्या दिवशी बाजारात चोपड्याकडचा एक केळीवाला भेटला. माझी मैत्रीण त्याच्या गल्लीतली. तो म्हणाला, "अक्का, तुम्ही दिसल्या नाहीत परवा?"

"कुठे?"

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग मला कळलं.

मी घरी आले, पेटीतून लुगडं काढलं, पिशवीत घातलं आणि एसटीत बसले. एरंडोलला गाडी बदलली. शेजारच्या बाईने शेंगदाणे पुढे केले, ते घेतले आणि चोपड्यापर्यंत हातातच धरून बसले.

तिच्या दारावर बायका बसलेल्या होत्या. रीतीप्रमाणे मी ओट्यावर टेकले. रडायला पाहिजे होतं, आलं नाही. तिची सून पाणी घेऊन आली. धुळ्याकडची आहे, शहरात वाढलेली, शांत बोलते.

"मावशी, आम्ही तुमची वाट पाहिली," ती म्हणाली.

"मला कळलंच नाही."

"मी टाकलं होतं ना ग्रुपवर. आईंचा फोन पडून बंद झाला, त्यातले नंबर गेले. माझाही नवा नंबर. कागदाचा फोटो होता माझ्याकडे, त्यावरून आत आले. थोड्या वेळाने पाहिलं तर मी बाहेर. परत जायला गेले तर घेईना."

"गेलं असं का नाही लिहिलंस? नाव का नाही लिहिलंस?"

तिने मान खाली घातली. "आईंनीच सांगून ठेवलं होतं. तुमच्या ग्रुपचा नियम आहे, वारले लिहायचं नाही, तब्येत जास्त आहे लिहायचं. नाव सुचलं नाही, मावशी. फोटो लावला की ओळखतील असं वाटलं."

शेजारची म्हातारी मध्येच बोलली, "पाच वाजेपर्यंत ठेवली तिले. पोरगं म्हने, माहेरचं कोनी येई. कोनी उना नही."

"लुगडं?" मी विचारलं.

"नाक्यावरच्या दुकानातून आणलं," सून म्हणाली. "हिरवट होतं. दुसरं नव्हतं. या आजींनी घातलं, माहेरच्या म्हणून."

म्हातारी म्हणाली, "मी काय करू माय, माले सांगं घाल, मी घालं."

मी सुनेला खरं सांगितलं. तुझा मेसेज मीच काढायला लावला. हात पिठात होते आणि उघडून पाहिला नाही. मला वाटलं ती चिडेल, मग मलाही चिडता आलं असतं. तिने फक्त फोन उघडून तो फोटो दाखवला. नाकात नळी, डोळे मिटलेले. ओळखायला एक क्षणही लागला नाही.

मी पिशवीतलं लुगडं काढलं. सून म्हणाली, "आता हे कोणाला देणार, मावशी? तुम्हीच ठेवा." दहाव्याला कोणाला तरी देता येईल का, असं बायकांत बोलणं निघालं. कोणी म्हणे देता येतं, कोणी म्हणे नाही. त्यांचं संपेना तेव्हा मी घडी परत पिशवीत घातली आणि उठले. एसटी सुटायची वेळ झाली होती.

घरी येऊन ग्रुपवर तिचं नाव घालून लिहिलं. आमच्या गावची लेक, चोपड्याला दिलेली, वारली. तिची बातमी मी पुसली. यापुढे कोणी मेलं तर मेलं असं लिहा. नाव लिहा, गाव लिहा, कोणाची लेक ते लिहा. कोणी चक्कर येऊन पडलं तरी चालेल. लिहिताना मला दोन तास लागले. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एकीने विचारलं, म्हणजे जुना नियम रद्द का? तिच्याखालीच गुडघ्याच्या लेपाची जाहिरात येऊन पडली.

भाचेसुनेने परत ते बटण दाखवलं. मी दाबलं नाही. पण आता पुसतही नाही लगेच. अनोळखी नंबरवरून तब्येत जास्त आहे असं आलं की मी आधी त्या नंबरवर फोन करते. काम असलं तरी हात धुते आणि फोन करते. बहुतेक वेळा चोरच असतात. एकाने मला आजी म्हटलं आणि कार्डावरचे आकडे विचारले. मी विचारलं, कोणाची तब्येत जास्त आहे ते सांग, नाव सांग, गाव सांग, माहेर कुठलं ते सांग. त्याने फोन ठेवला. मी परत लावला. त्याने उचलला नाही.

लुगडं पेटीत आहे. भाचेसुनेला सांगून ठेवलंय, मी मेले की नवं आणायला धावू नका, तेच घाला. ती म्हणाली, असं बोलू नका आत्याबाई. मी म्हणाले, रंग तिने निवडलाय, चांगला आहे.